मोठ्याने म्हटलेला मृत्युंजय

रांचीच्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा नीलांबरला घेऊन घरचे बैद्यनाथधामला परत आले. श्रावण नुकताच सरला होता. कावडवाल्यांची गर्दी ओसरून यात्रेकरूंना उतरायला द्यायची तळमजल्यावरची खोली रिकामी झाली होती, तिथेच त्याची खाट टाकली. त्याचे वडील दुर्गादत्त हे बाबा बैद्यनाथांच्या देवळातले पंडे, म्हणजे यात्रेकरूंचे पुरोहित. जन्मभर त्यांनी परक्यांच्या दुखण्यासाठी मृत्युंजयाचे जप बसवले. आता पोटच्या पोरासाठी बसवला. सव्वा लाखाचा संकल्प सुटला आणि अंगणात अकरा ब्राह्मण गोमुखीत हात घालून माळा ओढू लागले.

आत खाटेशी नीलांबरची बायको वीणापाणि. मधुपूरच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या मास्तरांची ही लेक. मंत्र तिला लहानपणापासून येत होता, आणि माहेरी त्यावरून तिला कोणी कधी गप्प केलं नव्हतं. सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात सासूने बजावलं होतं, की या घरात बायका शिवाचं नाव घेतात, वेदातलं काही तोंडाने म्हणत नाहीत. तेव्हापासून ती मनातल्या मनात म्हणायची. स्वतःच्या गप्प बसण्याचा तिला राग यायचा, पण संसार म्हटला की असं बरंच काही गिळावं लागतं, म्हणून तिने तेही गिळलं होतं.

एका दुपारी बाहेरचा जप ऐकत पडलेला नीलांबर तिला म्हणाला, "मी स्वतः हा मंत्र यात्रेकरूंसाठी हजारदा म्हटला असेन. नक्की काय मागतो गं आपण यात?"

त्याला शब्द पाठ होते, अर्थही कधीतरी कानावरून गेला होता. पण आता तो आपल्यासाठी विचारत होता. वीणापाणिने त्याला सांगितलं, की 'उर्वारुकमिव बन्धनात्' म्हणजे काकडी देठातून सुटते तसं. तसं मला मरणापासून सोडव, अमृतापासून मात्र नको. तिच्या वडिलांनी तिला हे परसातल्या वेलीपाशी बसवून शिकवलं होतं. काकडीच्याच जातीचं शेंदाड कच्चं असताना ओढलं तर वेल फाटते. पिकलं की त्याला हात लावावा लागत नाही, सकाळी जाऊन बघावं तर आपसूक देठ सोडून बाजूला पडलेलं असतं.

"म्हणजे मरण येऊच नये, असं नाही मागितलेलं?"

"नाही. मरणाची पकड सुटावी, एवढंच."

नीलांबरने तिच्याकडे मान वळवली. मग म्हणाला, "तू म्हण. इथे बसून, मला ऐकू येईल असं म्हण."

तिने म्हटलं. इतक्या वर्षांनी आवाज बाहेर पडला तो घोगरा आणि कापरा, पण दुसऱ्या आवर्तनापासून मोकळा झाला. अंगणातला जप क्षणभर अडखळला. दुर्गादत्तांचे धाकटे भाऊ भवनाथकक्का तरातरा दारात आले आणि बाईच्या तोंडून हा मंत्र उलटतो, असं त्यांनी तिला सुनावलं. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. सासू मात्र आत आली, तिने सुनेपुढे चक्क हात जोडले.

"कनिया," सुनेला ती याच नावाने हाक मारी, "माझ्या पोराच्या जिवाशी खेळू नकोस गं."

हे वीणापाणिला फार लागलं. कक्कांचं बोलणं झटकून टाकता येत होतं. या म्हातारीचे जोडलेले हात झटकता येईनात. तिने ते आपल्या हातांत धरले, डोळे भरून आले, आणि तरीही ती म्हणत राहिली. कारण खाटेवरच्या माणसाचा श्वास तिच्या आवाजाबरोबर सावकाश होत होता.

पुढे रोज तेच चाललं. बाहेर अकरा जण, आत ती. संकल्प पुरा व्हायच्या आतच एका पहाटे नीलांबर गेला. शेवटी त्याची तडफड झाली नाही. तिचा हात त्याच्या हातात होता, त्याची पकड हळूहळू सैल झाली.

सुतकात ती मोठ्याने बोलली नाही, मनात म्हणत राहिली. श्राद्ध आटोपलं, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी घरची वडीलधारी मंडळी ओसरीवर बसली. वीणापाणिला बोलावणं आलं. बोलले ते भवनाथकक्काच.

"अकरा जण बाहेर बसून आयुष्य मागत होते, आणि ही एकटी आत बसून सुटका मागत होती. कोणाचं ऐकलं गेलं, ते आपण पाहिलंच."

सासूने पदर तोंडाला लावला. कक्कांनी मग काय करायचं ते सांगितलं: वीणापाणिने प्रायश्चित्त घ्यावं, बाबांच्या देवळात उभं राहून पुन्हा हा मंत्र म्हणणार नाही असा शब्द द्यावा, आणि ते जमत नसेल तर मधुपूरचा रस्ता धरावा.

वीणापाणि खांबाला टेकून उभी होती. पांढऱ्या लुगड्याची तिला अजून सवय झाली नव्हती, पदर सारखा घसरत होता. तो सावरून ती म्हणाली, "कक्का, ते अकराही सुटकाच मागत होते. मंत्र एकच आहे. त्यात दुसरं काही मागता येत नाही."

"तू आम्हाला शिकवणार?"

"नाही. तुम्हाला माहीत आहे, म्हणूनच तुम्हाला राग येतोय. ह्यांनी मला म्हणायला सांगितलं, हे खरं. पण त्या आडोशाला मी उभी राहत नाही. ह्यांनी सांगितलं नसतं तरी मी म्हटलं असतं. चूक केली असती तर बाबांपुढे नाक घासलं असतं. चूक केली नाही, तर शब्द कसला देऊ? आणि मधुपूरला मी जात नाही. हे माझं घर आहे."

कक्कांनी भावाकडे पाहिलं. दुर्गादत्त उठले, यात्रेकरू खोळंबलेत असं काहीतरी पुटपुटत पायांत खडावा घालून देवळाकडे गेले. ते सुनेच्या बाजूने बोलले नाहीत, पण तिला जा असंही म्हणाले नाहीत. ते म्हणाले नाहीत, तर म्हणायचा हक्क कक्कांना उरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीणापाणि त्याच तळमजल्यावरच्या खोलीत बसली आणि तिने दार सताड उघडं ठेवून मंत्र म्हटला. गल्लीतल्या बायका पाणी भरता भरता थांबल्या. शेजारची एक जण मोठ्याने म्हणाली, "नवऱ्याला पोचवलं, आता कोणाची पाळी?" वीणापाणिने आवाज एक पट्टी चढवला. सासू स्वयंपाकघरात हंडे आदळायची. मग वीणापाणि हंड्यांच्याही वर म्हणायची. सासू तिच्याशी बोलेना. भात वाढायची तो ताट लांबून सरकवून. असा अख्खा हिवाळा गेला.

फाल्गुनात वीणापाणि तापाने फणफणली. एका सकाळी तिला उठवेना, ती तशीच पडून राहिली. दार वाजलं. उंबऱ्याबाहेर सासू उभी होती, तोंड अंगणाकडे फिरवून.

"आज नाही का म्हणायचं?"

"ताप आहे, माय. आणि तुम्हाला तर ऐकवत नाही."

"मला काही पटलेलं नाही," सासू म्हणाली. "तुला पाप लागायचं ते लागेलच. पण त्याच्या खोलीतून सकाळी काहीतरी ऐकू यायचं. आज एकदम सामसूम झालं, आणि मला भीती वाटली."

वीणापाणि भिंत धरून उठून बसली. डोकं गरगरत होतं. पण एवढ्यावर सोडून द्यायची तिची तयारी नव्हती.

"म्हणते. पण बाहेर उभं राहून ऐकायचं नाही. आत या, माझ्याजवळ बसा. दार उघडंच राहू दे, गल्लीला दिसू दे."

म्हातारीने गल्लीकडे पाहिलं. नळावर बायका जमल्या होत्या आणि इकडेच बघत होत्या.

"हट्टी आहेस," ती म्हणाली, आणि उंबरा ओलांडून खाटेच्या कडेवर येऊन बसली.