पाचवा कप्पा

कलापक्षाच्या कचेरीत एक लोखंडी कपाट होतं, आणि वहिनींचा त्या कपाटावर एकवीस वर्षं दात होता. संधी मिळाली असती तर त्यांनी ते कधीच भंगारात घातलं असतं.

पक्षाचा नियमच तसा होता. जो पुढारी होईल त्यानं खुर्चीत बसायच्या आधी आपली कला सोडायची, आपलं हत्यार कपाटात ठेवायचं आणि पद असेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. का, तर पुढाऱ्यानं पदाच्या जोरावर स्वतःचं घोडं पुढे दामटू नये. ऐकायला काय छान! पहिला पुढारी मूर्तिकार. त्याची छिन्नी अकरा वर्षांनी पहिल्या कप्प्यातून बाहेर आली तेव्हा बोटं वळेनात. दुसरी नर्तकी. तिनं पद सोडलं तोवर गुडघ्यांनी तिला सोडलं होतं. तिसरा बासरीवाला, तो बिचारा पदावरच गेला, बासरी अजून तिथेच पडून. आणि चौथे वहिनींचे यजमान, चित्रकार. दर निवडणुकीला उभं राहायचं आणि सपाटून आपटायचं, एवढाच या लोकांचा पराक्रम. आजतागायत यांचा एक माणूस निवडून आला असेल तर शपथ!

घर चाललं ते वहिनींच्या शिलाई मशीनवर. कोट, पडदे, शाळांचे गणवेश. त्यातूनच चिमीचं व्हायोलिन आलं. चिमी म्हणजे एकुलती एक लेक, वीस वर्षांची. पुढच्या महिन्यात शहराच्या वाद्यवृंदाची निवड परीक्षा होती आणि पोरगी रोज सहा सहा तास घासत होती. ती वाजवायला लागली की वहिनी मशीन थांबवायच्या. दुसऱ्या कशासाठी त्यांनी मशीन थांबवल्याचं कुणाला आठवत नाही.

मग यजमानांचे हात थरथरायला लागले, जीभ अडखळायला लागली. डॉक्टर म्हणाले, आता पद वगैरे पुरे. नव्या पुढाऱ्याचं नाव मुदतीच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत निवडणूक कार्यालयात पोचलं नाही तर पक्षाची नोंदणी रद्द होणार होती. त्याच दिवशी दुपारी सभा भरली. माणसं मोजून सात, त्यात वहिनी चहाला आणि चिमी बाबांना धरून आणायला.

"कोण होतंय?" यजमानांनी विचारलं.

नटानं छताकडे पाहिलं. कुंभार म्हणाला, "माझी भट्टी लागलीय." कवीला एकदम खोकला आला. साडेतीन झाले, चार झाले.

"म्हणजे चार माणसांचं आयुष्य पाण्यात," यजमान म्हणाले आणि सगळ्यांदेखत रडायला लागले. म्हातारं माणूस, नाक पुसायला हात वर जाईना.

चिमीनं हात वर केला. "मी होते, बाबा. रडू नका तुम्ही."

 हातातली किटली वहिनींनी टेबलावर आदळली. "खाली घे तो हात! खाली घे म्हणते ना!"

"आई, बाबांकडे बघ तरी."

"एकवीस वर्षं तेच बघतेय. मी होते पुढारी. लिहा माझं नाव."

नट चाचरत म्हणाला, "वहिनी, राग मानू नका, पण पुढारी कलावंतच लागतो. शिवणकामाचा ठराव झालेला आहे आपला."

झाला होता खरा. वहिनींनी पक्षात यायचं म्हणून अर्ज केला होता, लग्नानंतर चौथ्या वर्षी. शिवण हा पोटाचा धंदा आहे, कला नव्हे, असा ठराव झाला आणि तो यजमानांनीच मांडला होता.  दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी नवऱ्याच्या सदऱ्याची विरलेली कॉलर उलटवून दिली, एवढंच.

आता त्यांनी पर्समधून कात्री काढली. काळ्या मुठीची, आईनं दिलेली. "अहो, तुम्ही सांगा. ही कला आहे का नाही?"

सगळे यजमानांकडे बघायला लागले. त्यांनी कात्रीकडे पाहिलं, मग चिमीच्या बोटांकडे पाहिलं. ती बोटं त्यांच्या घरातली शेवटची शाबूत बोटं होती, हे त्यांनाही कळत होतं.

"कला आहे," ते म्हणाले. "पहिल्यापासून होती. मी मूर्ख होतो."

म्हातारी नर्तकी उठली आणि तिनं पाचवा कप्पा उघडला. वहिनींनी कात्री आत ठेवली. हे ऐकायला त्या किती वर्षं थांबल्या होत्या, आणि ऐकलं तेव्हा कपाटाला कुलूप लागत होतं. पाचला दहा कमी असताना नट कागद घेऊन पळाला.

पुढचं पुढे बघू, असं वहिनींनी मनाशी म्हटलं होतं. पुढचं आठवड्यातच दाराशी आलं. गिऱ्हाइकं कापड घेऊन यायची, त्या नाही म्हणायच्या आणि दार लावून रडायच्या. दोन ठिकाणी साफसफाईचं काम मागितलं. वय ऐकून लोकांनी तोंड फिरवलं. यजमानांनी आपला ब्रश परत आणला होता, पण कागदावर रेघ सरळ उमटेना. चोरून शिवावं, असं वहिनींच्या शंभरदा मनात आलं. पण नियम मोडला की पद जाणार, पद गेलं की सभा, आणि सभेत ती पोरगी हात वर करायला टपलेलीच. डबे रिकामे होत गेले तशी घरात कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देईना.

तिसऱ्या आठवड्यात चिमी एक निळा जाडा कोट घेऊन आली. पाठीवर कारखान्याचं नाव छापलेलं.

"पॅकिंगला लागलेय," ती म्हणाली. "उद्यापासून. पगार बरा आहे, आई."

"आणि परीक्षा?"

"शनिवारी आहे. शनिवारी पण कामाची पाळी असते."

 वहिनींनी ज्यासाठी कात्री दिली तेच हातातून गेलं होतं, आणि कात्री होती म्हणूनच आजवर टिकलं होतं. एवढं साधं गणित त्यांना त्या दिवशी चार वाजता सुचलं नव्हतं. "माझ्या हातानं केलं गं हे," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातानं."

"असं नको बोलूस." चिमीनं कोट घालून पाहिला. बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या. "मशीनमध्ये अडकतील म्हणाले, आखूड करून आण म्हणाले."

वहिनींचा हात सवयीनं सुईच्या डबीकडे गेला. चिमीनं तो अलगद धरला आणि डबी स्वतःकडे ओढली. "मी करते. तू नुसती सांग."

तिनं दोरा ओवला आणि दुसऱ्याच टाक्याला सुई बोटात घुसवून घेतली. तार दाबायचं बोट ते, डाव्या हाताचं पहिलं. तिनं ते तोंडात घातलं.

"अंगठ्याच्या आडून धर," वहिनी म्हणाल्या. त्यांनी आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. "हां, तशी. आता हळू ओढ."