पाचवी ओळ

लासूर स्टेशनला उतरून बिल्किस माळावर पोचली, तेव्हा विहिरीजवळच्या शिळेभोवती शेंदराचे जाड तुकडे विखुरले होते. धनगरांच्या देवानं खोळ, म्हणजे वर्षानुवर्षं साचलेलं शेंदराचं कवच, टाकल्याचा मुंजाबा धनगराचा निरोप खरा होता.

शिळेवर फारसीत पाच ओळी होत्या. चार तिच्या अब्बांनी, निजामुद्दीन यांनी, वाचल्या. पाचवी शेंदराखाली राहिली. फसली १३४९ (इ.स. १९३९-४०) साली त्यावरचा अब्बांचा लेख इतिहास मंडळाच्या त्रैमासिकात छापला, तेव्हा संपादक बिल्किसच होती. पाचव्या ओळीपुढं अब्बांनी लिहिलं होतं, ‘थांबलो आहे.’ तिनं ते खोडून ‘अवाच्य’ केलं.

“अब्बा, शास्त्रीय लेखात असं चालतं का?”

अब्बा नुसते हसले. पुढच्या वर्षी ते वारले.

मेंढ्या वळवून सारजाबाई जवळ आली. “निजामभाईची लेक व्हय? नाक तेच.”

“अब्बा इथं किती वेळा आले होते, मावशी?”

“अकरा सालं. दिवाळी झाली की यायचे. आमी म्हणलो, शेंदूर खरवडू नका, देव आपणहून खोळ टाकील. ते म्हणले, मग थांबतो. दूध प्यायचे, देवाकडं बघत बसायचे, गाडीच्या टायमाला उठायचे. आमचा मालक चिडवायचा, देवापरास तुमीच लई दगड!”

बिल्किसला हसू आलं. घरी ते एवढंच सांगत, लासूरला काम आहे.

तिनं ओला कागद शिळेवर बसवला, ब्रशनं ठोकून अक्षरांत उतरवला. तो जरा सुकू दिला. ठसा घेताना अब्बा अशा वेळी हळूच फुंकर घालायचे, तिनंही घातली. मग शाईची गादी फिरवली. काळ्यात पांढरी अक्षरं उमटली. ना राजाचं नाव, ना साल. तिनं अर्थ लावून सांगितला, “या विहिरीचं पाणी वाटसरूला आणि जनावराला सारखंच मोकळं.”

“येवढंच? ह्ये तर आमाला म्हाईत व्हतं. आज्जा सांगायचा.”

“मग अब्बांना सांगितलं का नाही?”

“इचारलं कुठं त्यांनी? त्यांना वाचायचं व्हतं.”

गुलमंडीच्या छापखान्यात पुंजाराम त्रैमासिकाच्या नव्या अंकासाठी अक्षरांचे खिळे जुळवत होता. नवा ठसा, नवं वाचन, सगळं लागलं होतं. शेवटचा कागद त्यानं दोनदा वाचला.

“आपा, ओळ तर आता लागली. मग ही दुरुस्ती कशाला?”

“तेव्हा लागली नव्हती, पुंजारामभाऊ. लावा.”

त्यानं खिळे उचलले. ‘दुरुस्ती : फसली १३४९च्या अंकात पाचव्या ओळीपुढे “अवाच्य” असे छापले आहे. त्या जागी “थांबलो आहे” असे वाचावे.’