सबोहत-विराम

समरकंदच्या त्या गल्लीत नवरे बायकोला पोरीच्या नावाने हाक मारत. तुर्सुनने "मोहिरा!" म्हटलं की मायलेकी दोघी वळून बघायच्या. तंदूरवर नान भाजणाऱ्या त्याच्या बायकोला, सबोहतला, स्वतःचं नाव ऐकून वर्षं लोटली होती.

मोहिरा विद्यापीठात यंत्रांना काम शिकवायची. तिच्या यंत्राचा हात तंदूरला नान थापायचा आणि नान घसरून निखाऱ्यात पडायचा. शेवटी तिने आईचा हात निरखला. नान थापल्यावर आई हात लगेच काढत नसे, क्षणभर तसाच दाबून धरायची. तो क्षण यंत्राला शिकवून मोहिराने त्यावर शोधनिबंध छापला होता.

"एवढे कागद छापतेस, वाचतं कोण गं?" चहाला आलेल्या शेजारच्या कुमरी आपाने टोमणा मारला.

"नऊशे बारा जणांनी आपल्या निबंधात त्याचा आधार घेतलाय, आपा. जपानपासून ब्राझीलपर्यंत सगळे त्या क्षणभर थांबण्याला सबोहत-विराम म्हणतात."

सबोहतच्या हातातला गोळा परातीत पडला. "कार्टे, माझं नाव जगभर केलंस? विचारायचंस तरी!" असं म्हणत तिने पिठाच्या बोटाने मोहिराच्या मोबाईलवरची त्या निबंधांची यादी सरकवली, पार शेवटापर्यंत.

तुर्सुननेही चष्मा लावून यादी वाचली आणि तो तंदूर पेटवायला अंगणात गेला.

थोड्या वेळाने त्याची हाक आली.

"सबोहत! तंदूर तापला गं."

मोहिरा जन्मल्यापासून चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हाकेला सबोहत एकटीच वळली.