एकास ऐंशी

रेषा कुठे ओढायची, एवढंच तर ठरवायचं होतं. पण त्या एका रेषेने टायफॉइड तपासणीचे नियम ठरवणाऱ्या समितीचं डोकं वर्षभर खाल्लं होतं. विडाल तपासणीत रक्त पातळ करत जायचं आणि कुठवर खूण उमटते ते बघायचं. एकास ऐंशीपर्यंत, म्हणजे ऐंशीपट पातळ करूनही, उमटली की टायफॉइड समजा, असं परदेशी पुस्तक सांगे. समितीतल्या सुचेताने यंदा पावसाळ्यात बेंगळुरूच्या धडधाकट रक्तदात्यांचं रक्त तपासलं, तर कितीतरी जणांचं एकास ऐंशीच! ना ताप, ना काही. इथे त्या जंतूंशी कुणाची गाठ पडली नाही?

"रेषा एकशे साठवर न्यायला हवी," ती म्हणाली.

"आणि आनेकलसारख्या लहान गावातल्या डॉक्टरनं काय करायचं?" डॉ. पुरुषोत्तम उसळले. "रक्तातले जंतू वाढवून बघायची सोय कुठाय त्याच्याकडे? खरा टायफॉइड रेषेखालून निसटला, तर ते पाप कुणाच्या माथी?"

प्रश्न काही खोटा नव्हता. रेषा कुठेही ओढा, कुणीतरी मरणारच होतं. सगळ्यांनी अध्यक्षांकडे, डॉ. भीमाचार्यांकडे पाहिलं. सुचेताला मात्र तिच्या या गुरूंकडे बघवेना. तिचा धाकटा भाऊ गिरीराज त्यांचाच पेशंट. ताप, डोकेदुखी, रिपोर्ट एकास ऐंशी, म्हणून टायफॉइडची औषधं. होता मेंदूचा क्षय; कळलं तोवर पोर हातचं गेलं होतं. तरी तिची आई, गोजराबाई, दर दसऱ्याला त्यांना सोनं द्यायला जायची. "डॉक्टरअण्णांनी काही म्हणता काही कमी केलं नाही," एवढ्या एका गोष्टीवर ती बाई तगली होती. तो आधार कसा काढून घ्यायचा? म्हणून त्या ऐंशीला काही अर्थ नव्हता, हे सुचेताने घरी सांगितलं नव्हतं.

"एकशे साठ," भीमाचार्य शेवटी म्हणाले. "आणि ठळक लिहा, आकडा खाली आला म्हणून ताप सोडून देऊ नका, वर आला म्हणून दुसरं शोधायचं थांबवू नका." त्यांनी सही केली. सगळे उठून गेल्यावर त्यांनी सुचेताला थांबवलं.

"गिरीराजचा आकडा किती होता गं?"

"आठवत नाही, सर."

"ऐंशी. मला आठवतो. तुझ्या आईला, अक्कांना, मीच सांगेन."

"नको सर, ती मोडून पडेल हो!"

"मग त्यांचं सोनं मी कोणत्या हातानं घेऊ?"

त्या दसऱ्याला भीमाचार्यच सुचेताच्या इंदिरानगरच्या घरी आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. उभ्यानेच सगळं सांगितलं. गोजराबाई आपट्याची पानं हातात धरून ऐकत राहिल्या. 

"तेव्हा ठाऊक होतं तुम्हाला, अण्णा?"

"नव्हतं, अक्का."

 गोजराबाईंनी एक पान डॉक्टरांच्या हातावर ठेवलं आणि लेकीकडे वळल्या.

"तुला कधीपासून ठाऊक होतं?"

सुचेताची मान खाली गेली. "पावसाळ्यापासून."

"रोज माझ्या शेजारी बसून जेवलीस, आणि चकार शब्द नाही काढलास?"

गोजराबाई आत निघून गेल्या. लेकीच्या वाटणीचं पान त्यांच्या हातातच राहिलं.