वाळीतली तीनचाकी

संतोषला मारायला गावात कुणाला बंदी नव्हती. बंदी होती ती त्याच्याशी बोलायला.

गावकीने त्याला वाळीत टाकलं, त्याला आता वर्ष होत आलं होतं. गिरणीवाला दळण घेत नसे. संतोष किंवा त्याची बायको सुप्रिया रस्त्याने येताना दिसली की माणसं पाठ फिरवून उभी राहत. त्यांच्या हाकेला जो ओ देईल, नुसतं वळून बघेल, त्याने देवळापुढे नाक घासायचं असा ठराव होता. ठराव मांडला गावकीचा पुढारी आबाजीने, आणि आबाजी म्हणजे संतोषचा सख्खा चुलता. आपलेच दात नि आपलेच ओठ, म्हणायचं कुणाला?

भांडण गुरचरणीवरून, म्हणजे गावाच्या चराऊ जमिनीवरून पेटलं. गावकीला ती एका फार्महाऊसवाल्याला द्यायची होती आणि त्याच्या संमतीपत्रावर संतोष सही करत नव्हता. शिमग्याला होळीपुढेच बाचाबाची झाली. चौघांनी त्याला खाली पाडलं आणि गुडघ्यांवर पहारी घातल्या. पहिला घाव घातला आबाजीच्या मुलाने, अक्षयने. संतोषने पोलिसांत चौघांची नावं सांगितली. मार खाल्ला हा त्याचा गुन्हा नव्हता, नावं सांगितली हा होता. डॉक्टरांनी पायांत सळया घातल्या, पण गुडघे वाकायचे ते बंदच झाले. दोन्ही पाय काठीसारखे ताठ.

आता खालापूरच्या कोर्टात त्याची साक्ष होती. दोन तारखा आधीच बुडाल्या होत्या. गावातले टेंपो-रिक्षावाले त्याला बसवत नव्हते, आणि बाहेरून आणलेल्या गाडीची काच वेशीतच फुटली होती. वकिलाने फोनवर सरळ सांगितलं, "ह्या खेपेला तुम्ही उभे राहिला नाहीत, तर चौघं सुटले म्हणून समजा."

म्हणून तीनचाकी. पूर्वी संतोष ज्या बंगल्याची राखण करायचा, त्या साहेबाने जाताना ती मागे ठेवली होती. पुढे दोन चाकं, मागे एक, आणि मधे आरामखुर्चीसारखी बैठक. जमिनीपासून वीतभर उंचीवर पाय पुढे पसरून पडायचं आणि पायडल मारायचं. श्रीमंतांचं खूळ म्हणून गाव तेव्हा पोट धरून हसलं होतं. पण ताठ पायांच्या माणसाला बसता येईल असं जगात तेच एक वाहन होतं. पायडल मारता येत नव्हतं, तर मोटार लावायची.

लावून देणार कोण? गावातला वेल्डर पाठ फिरवून उभा. मग सुप्रियाचा भाऊ ओमकार भिसेगावाहून मागच्या चाकात बसणारी मोटार, कंट्रोलर आणि बॅटरी घेऊन आला. गावात शिरायची त्याची छाती झाली नाही. हमरस्त्यावर खोकं टेकवून तो पळाला, आणि सुप्रियाने ते डोक्यावरून घरी आणलं.

संतोष एकेकाळी खोपोलीच्या कारखान्यात फिटर होता. ओटीवर पालथं पडून त्याने जुने स्पोक काढले, मोटारीभोवती नवे ओवले, चेन आणि पायडलं काढून फेकली आणि पाय टेकायला पट्टी बसवली. चाक विटांवर उचलून त्याने पहिल्यांदा ॲक्सिलरेटर पिळला तेव्हा चाक फिरायच्या ऐवजी मोटारीचा एक्सलच फिरला. वायर पिळवटून तुटली, ठिणग्या उडाल्या आणि सांगाड्याच्या कडेने त्याचा तळहात चिरला. रक्त बघून सुप्रिया धावली.

"अवो, पुरे झालं! हात पन घालवता का आता?"

"हात गेले तरी चालंल. तोंड ऱ्हायला पायजे, साक्षीला."

एक्सल धरून ठेवायला त्याने जुना जाड पाना त्यात अडकवला आणि त्याचं दुसरं टोक सांगाड्याला घट्ट आवळलं. ह्या वेळी चाक नुसतं भिरभिरलं. आवाज म्हणाल तर डासाएवढा. वर्षभरात संतोष पहिल्यांदा हसला. मग एक-दोन संध्याकाळी त्याने ती अंगणात आणि मागच्या सपाट वाटेवर हिंडवून पाहिली.

तारखेच्या आदल्या दुपारी जामिनावर सुटलेला अक्षय आणि त्याचे दोघं साथीदार आत शिरले. एक अक्षर बोलले नाहीत. हेच भयंकर होतं. शिवी नाही, धमकी नाही, आपलं काम करायला यावं तसे आले. दोघांनी संतोषला ओटीवरून ओढला आणि काठ्यांनी बडवायला सुरुवात केली. आमटीची कढई घेऊन सुप्रिया मधे पडली आणि तिने एकाचा खांदा भाजून काढला. त्याने तिला केसांना धरून उंबऱ्यावर आपटली, तिचा ओठ फाटला. संतोषच्या हाताला दुसरा एक पाना लागला. पडल्या पडल्या त्याने दुसऱ्याच्या नडगीवर असा हाणला की तो गडी कुत्र्यासारखा केकाटला. अक्षय तोवर तीनचाकीपाशी वाकलेला होता. जसे आले तसे तिघं गेले.

रक्त पुसून संतोष आधी तीनचाकीकडे सरपटला. मोटार तपासली, बॅटरी तपासली, वायरीचा एकेक जोड हाताने चाचपला. सगळं जागच्या जागी होतं. ब्रेक त्याने नुसते दाबून बघितले. ते साहेबाचे होते, चांगले होते, त्यात बघायचं काय?

सकाळी नऊला तो निघाला. बैठकीला बांधलेल्या दोरीचं टोक धरून सुप्रिया मागून चालत होती. घरापासून वेशीपर्यंत उतार, आणि उताराच्या तळाशी देऊळ. देवळासमोर अख्खा गाव रस्ता अडवून उभा होता, सगळ्यांच्या पाठी इकडे. हात लावायचा नाही, बोलायचं नाही, नुसतं भिंतीसारखं उभं राहायचं, म्हणजे गडी आपोआप अडकेल आणि तारीख टळेल. मधोमध आबाजी, पांढऱ्या टोपीत.

उतारावर तीनचाकी पळू लागली. दोरी सुप्रियाच्या हातातून सणकन निसटली. संतोषने दोन्ही ब्रेक आवळले. आधी डावी वायर तुटली, मग उजवी. ब्रेकच्या मुठी सैल पडल्या, नुसत्या खुळखुळायला लागल्या. पाय टेकावे तर पाय वाकत नव्हते.

"बाजूला व्हा! ब्रेक तुटलं! बाजूला व्हा रं!"

एकाही पाठीने हालचाल केली नाही. मोटारीला आवाज नाही, आणि माणसाचा आवाज ऐकायचा नाही असा ठराव. हाक सगळ्यांना ऐकू गेली होती, मागून सुप्रियाचा टाहोही गेला होता. पण वळून बघणारा पहिला कोण, ह्याची प्रत्येकाला धास्ती.

"काका! आबाजीकाका, बाजूला व्हा!"

टोपी जराशी हलली. वळली नाही.

डावीकडे बांधाखाली उन्हाळी भाताचं, चिखलाने भरलेलं खाचर होतं. हँडल तिकडे मारलं असतं तर तीनचाकी उलटून चिखलात गेली असती, मोटार बुडाली असती, तारीख बुडाली असती. माणूस वाचला असता. संतोषला ते खाचर नीट दिसलं. पण ह्याच पाठी तो वर्षभर बघत आला होता. हाक मारली, अजून काय करू? पाया पडू? त्याने हँडल सरळ धरलं.

कडेची माणसं शेवटच्या घटकेला चाकांखालची खडी वाजली तशी उडाली. आबाजी उडाला नाही. पुढची पट्टी त्याच्या गुडघ्यामागे बसली, हाड मोडल्याचा आवाज देवळाच्या भिंतीवरून परत आला. म्हातारा संतोषच्या पायांवर उताणा आदळला, तिथून घरंगळून रस्त्यावर पडला, आणि मागचं चाक त्याच्या मांडीवरून गेलं. तीनचाकी तशीच वेशीबाहेर गेली आणि चढाला लागून थांबली.

मागे हंबरडा उठला. "बाबा! बाबा, वायरी मीच कापलेल्या! अर्ध्याच कापलेल्या, तो खाचरात जाईल म्हनून!" अक्षय बापाच्या डोक्याशी बसून स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होता. आबाजीने कण्हत मान उचलली आणि सगळ्या गावादेखत हाक मारली, "संतोष... थांब रं. मला न्ये रं."

संतोषने ऐकलं. वळून बघितलं नाही. म्हाताऱ्याला उचलायला गावाचा टेंपो होता.

सुप्रिया धापा टाकत आली. तिने दोरी पुन्हा हातात घेतली आणि मनगटाला गुंडाळली. पुढचा रस्ता सपाट होता. खालापूर येईपर्यंत ती दोरी ओढून धरायची तेव्हा गाडी थांबायची, एवढंच.

कोर्टात त्याला तीनचाकीसकट आत घेतलं. जमिनीलगत पडलेला साक्षीदार बघायला मॅजिस्ट्रेटबाईंना टेबलावरून वाकावं लागलं. संतोषने चौघांची नावं घेतली. पहार कुणी उचलली, पहिला घाव कुठे बसला, कोण हसत होतं, सगळं सांगितलं. आवाज एकदाही कापला नाही. समोरच्या वकिलाने उलटतपासणी केली, पण त्याला काही सापडलं नाही.

"झालं तुमचं?" बाईंनी विचारलं.

झालं होतं. ज्यासाठी वर्ष काढलं ते झालं होतं. ओठाला पदर लावून सुप्रिया बाकावर बसली होती, तिने सुटकेचा निःश्वास सोडला. संतोषच्या विजारीवर आबाजीचं रक्त वाळून काळं पडलं होतं. त्याला वाटलं होतं, आज छाती हलकी होईल. ती दगडासारखी जड होती.

"नाय बाई, अजून हाय. आज सकाळी येताना माज्या गाडीखाली माजा चुलता आला. पाय मोडला त्याचा. जगतोय का मेला, ठावं नाय."

"अहो!" सुप्रिया उठून उभी राहिली. त्याचा वकील खांद्यावर हात दाबून "गप्प बसा" म्हणाला.

"ब्रेक नव्हते?" बाईंनी विचारलं.

"तोडलेले व्हते. मी हाका पन मारल्या. कोन वळलं नाय." तो थांबला. खोटं काहीच नव्हतं, इथेच थांबला असता तरी चाललं असतं. "पन बाजूला खाचर व्हतं. हँडल वळवता येत व्हतं, बाई. मी नाय वळवलं."

टाइप करणाऱ्या बाईची बोटं थांबली. मॅजिस्ट्रेटबाईंनी तिच्याकडे बघून मान हलवली, तेव्हा तिने तेही वाक्य लिहून घेतलं.