दौलतचा सत्कार

सायकल चालवायचा पगार मिळतो, हे आमच्या गावाने दोन वर्षं मानलंच नाही.

"मारोती, खरं सांग, तुहा पोट्टा आदिलाबादले काय करते?" हॉटेलात लोक बाबांना विचारायचे.

"सायकल चालवते."

"ते तं मीबी चालवतो. मले काऊन नाही देत कोणी पगार?"

सगळे हसायचे आणि बाबाही हसायचे. बोथच्या मंडल कचेरीत अटेंडर, म्हणजे शिपाई असलेल्या माणसाला दुसऱ्यांच्या हसण्यात सामील व्हायची सवय असते. मला नव्हती. मी पाय आपटत घरी यायची.

टीम होती सुधाकरराव सेठच्या कापसाच्या जिनिंगची. पोशेट्टी सर मिलिटरीतून रिटायर होऊन आले होते, तिकडे सायकलच्या शर्यती मारलेले. त्यांनी सेठला पटवलं, की जाहिरात भिंतीवर रंगवली तर जागीच राहते, पोरांच्या पाठीवर रंगवली तर नागपूरपर्यंत जाते. सेठला हे फार आवडलं. मग सरांनी जीपमधून फिरून पोरं वेचली. कोणी पेपर टाकणारं, कोणी टपालाच्या थैल्या नेणारं. आमचा दौलतदादा दुधाचे कॅन लटकवून इच्चोड्याला जायचा आणि रिकामे कॅन वाजवत येताना आरटीसीच्या बसशी पैज लावायचा. जीप बंद पडलेल्या दिवशी सरांनी त्याला त्या बसच्या खिडकीतूनच पाहिला.

पिवळी जर्सी, पाठीवर कापसाचं फुटलेलं बोंड. पहिल्यांदा नांदेडला गेले तेव्हा तिथली पोरं ओरडली, "बोंडं आली, बोंडं." बोंडं सगळ्यात शेवटी आली. दुसऱ्या वर्षी नांदेडला बोंडं पहिली आली, नागपूरलाही पहिली आली, आणि मग पेपरात फोटो आला तेव्हा आमच्या हॉटेलातलं हसणं एकदम आटलं. फोटोत पुढे होता जंगू. इंद्रवेल्लीकडचा गोंड पोरगा, घाट असा चढतो की जणू उतरून राह्यला. दादा फोटोच्या कडेला होता, अर्धा.

"तू काऊन अर्धा?" मी त्याला विचारलं.

"कारण माझं काम फोटोच्या आधी संपते."

मला कळलं नाही. तेव्हा त्याने मला सायकलच्या कॅरियरवर बसवलं आणि बोथच्या फाट्यापर्यंत जोरात नेलं. "चंद्री, वारा लागून राह्यला का तुले?"

"नाही."

"मले लागून राह्यला. हेच माझं काम. जंगू त्याच्या सायकलवर माझ्या मागं चिकटून राह्यते, तुझ्यासारखा. मी वारा फोडतो, तो ताजा राह्यते. शेवटी मी बाजूले होतो आणि तो जाते. आणि आमी सगळे घोळक्यात राह्यतो. घोळक्यातून जो सुटला, तो मेला. एकट्याले वारा खाऊन टाकते."

मला ते काही फार बरं वाटलं नाही. पण दादा खूश होता. आणि खूश असायला कारणही होतं. हैदराबादची एक मोठी कंपनी आख्खी टीम विकत घेणार होती. पक्की नोकरी, नवीन सायकली, कलकत्त्याला आणि कुठे कुठे शर्यती. अट एकच. हैदराबाद ते नागपूर चार दिवसांची जी शर्यत होती, ती जो पुरी करेल त्यालाच घेणार. जिंकायची गरज नाही. फक्त रोज शेवटच्या रेषेवर ठरलेल्या वेळेच्या आत पोचायचं. वेळेबाहेर गेला तो शर्यतीतून गेला.

"बस, एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच," दादा म्हणाला. "तिसऱ्या दिवशी निर्मलहून आदिलाबाद. म्हणजे आपल्या दारातून. आणि त्यात एक रिवाज आहे. ज्याचं गाव येते त्याले घोळका थोडा पुढं सोडते. गावातून त्यानं पहिलं जायचं, आईबापाले हात दाखवायचा, पाण्याचा एक घोट, आणि मागून घोळका आला की त्यात शिरायचं. सर म्हणाले, तुझ्या गावात तू पुढं."

बाबांनी हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी हॉटेलात सांगितलं, "आमचा दौलत गावात सगळ्यात पहिला येऊन राह्यला." यात खोटं एक अक्षर नव्हतं.

त्या एका वाक्यावर गावाने मंडप टाकला.

आता माझंही सांगते. मी आधी हजेरीलाही मोठ्याने बोलत नव्हते. त्या वर्षी मंडलच्या भाषण स्पर्धेत बाईंनी मला ढकललंच, आणि काय झालं कोणास ठाऊक, माझ्या तोंडाला जे पाय फुटले ते थांबेनात. पहिला नंबर. तेव्हापासून गावात माईक आला की तो माझ्याकडेच येणार हे ठरलेलं. त्यामुळे सत्काराचं सूत्रसंचालनही माझ्याकडेच. अध्यक्ष म्हणून मंडल अध्यक्ष भगवानराव, म्हणजे बाबा ज्यांच्या कचेरीत चहा नेतात तेच.

मी त्यांना आदल्या दिवशीच सांगितलं, "साहेब, दादा थांबणार नाही. तो हात हलवून जाईल. आपण रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवू."

भगवानरावांनी बाबांकडे पाहिलं. "मारोती, पोट्टी हुशार आहे. पण मले सांग, सख्ख्या गावात पहिला नंबर येऊन पोरगा थांबणार नाही, असा कसा?"

"थांबंल ना साहेब," बाबा म्हणाले.

"बाबा, शर्यत आदिलाबादले संपते," मी म्हटलं.

"संपू दे ना. आदिलाबादचे लोक आदिलाबादले पाह्यतीन. आमी आमचं पाहू."

त्या दिवशी हायवेवर ही गर्दी. डफडं, झेंडूची तोरणं, आणि रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत लाल फीत. मी स्टेजवरून माईकमध्ये सांगत होते, फीत काढा, ताट रस्त्यात आणू नका, दोन पावलं मागं सरका. लोक माझं बोलणं ऐकून टाळ्या वाजवत होते. द्वारकाकाकू ओवाळणीचं ताट घेऊन बरोबर रस्त्याच्या मधोमध. "किती गोड बोलते बाई," असं म्हणाली, हलली नाही.

पोलिसांची जीप गेली, लोकांनी उचलून धरलेल्या फितीखालून. आणि मग वळणावर पिवळं काही हललं. दादा. एकटा, पुढे, मागे दूरवर घोळक्याची काळी रेघ. मी आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलेलं नाही. तो हसत होता. एक हात वर केला. आणि मग त्याला फीत दिसली, आणि फितीमागे उभे असलेले बाबा दिसले, हातात हार, अंगात लग्नातला कोट.

तो बाजूने निघू शकला असता का? मी खूप वेळा मनात चित्र काढून पाहिलंय. एका बाजूला डफडं, दुसऱ्या बाजूला काकूंचं ताट, मधोमध बाबा. त्याने ब्रेक दाबला.

मग सगळं हातातून गेलं. फीत तुटली, लोकांनी दादाला उचलला. कोणीतरी अगदी आदराने सायकल त्याच्याखालून काढून घेतली आणि स्टेजवर आणून माझ्या शेजारी उभी केली. तिला हळद-कुंकू लागलं. तिच्या चाकातून झेंडूचा लांब हार फिरवला, आत-बाहेर, आत-बाहेर, दसऱ्याला ट्रॅक्टरला करतात तसा.

"चंद्री, सायकल दे," दादा मला म्हणाला. हळू. त्याच्या खांद्यावर शाल पडत होती.

मी हार ओढला. दोरा गिअरच्या दातांत जाऊन बसला.

तेवढ्यात घोळका आला. पन्नास-साठ सायकली एकदम, टोळधाडीसारखा आवाज, आणि गाव त्यांना हसलं.

"आले पाहा, दुसऱ्या नंबरचे."

"दमानं, बाप्पा, दमानं. नंबर गेला तुमचा."

जंगूने मान वळवून स्टेजकडे पाहिलं. त्याच्या पुढे कोणी नव्हतं वारा फोडायला. मग त्याने मान खाली घातली आणि गेला. मागून पोशेट्टी सरांची जीप आली, सर अर्धे बाहेर, हात आपटत, तेलुगूत एकच शब्द, "एक्कू रा, एक्कू," चढ रे, चढ. लोकांनी त्यांच्याही गळ्यात हार घातला. पण जीपला पुढच्यांमागे जायचं होतं. सर हारासकट गेले.

भगवानराव बोलायला उभे राहिले.

मी त्यांच्या भाषणात मध्ये बोलले. खरंच बोलले. "साहेबांची माफी मागून, दौलतला पुढे जायचं आहे, तरी आपण त्याला..." भगवानरावांनी प्रेमाने माझ्या हातातला माईक घेतला. "बहिणीचं काळीज," त्यांनी सभेला सांगितलं. टाळ्या. मग ते आमच्या भागाचं मागासलेपण, सडका, आणि हैदराबादवाल्यांनी आपल्याकडे कसं पाहिलं पाहिजे, यावर बोलले. चांगलंच बोलले. मी बाबांकडे पाहिलं. बाबा रडत होते, आनंदाने, आणि साहेबांच्या बोलण्यात मध्ये उठणं त्यांच्या पायांना माहीतच नव्हतं. दादाने बाबांकडे पाहिलं आणि तो बसून राहिला. मी खाली बसून दातांनी दोरा तोडत राहिले. जिभेवर झेंडू आणि तेल.

भाषण संपलं, नारळ दिला, आणि दादा सायकलवर बसला. लोक म्हणाले, "जेवून जाय ना." तो गेला. वळणापर्यंत दिसला. समोरून वारा होता. रस्त्याकडेचं कपाशीचं पऱ्हाट सगळं आमच्याकडे वाकलेलं.

संध्याकाळी एसटीडी बूथवरून मीच आदिलाबादच्या जिनिंगमध्ये फोन लावला. सरांनी उचलला.

"सर, दादा?"

"आला, अम्मा."

"वेळेत?"

"रात्रीच्या बसला बसवतो त्याला," सर म्हणाले. मागून बँड ऐकू येत होता. जंगू जिंकला होता.

दादा रात्रीच्या बसने घरी आला, शाल आणि नारळ घेऊन. सायकल टीमची, ती तिथे राहिली. त्याच्या पापण्यांवर मीठ जमलं होतं. बाबा म्हणाले, "एवढ्या लवकर सुट्टी दिली?" दादा म्हणाला, "हो." मी तोंड उघडलं. दादाने मान हलवली, नको. गावात माझ्याएवढं कोणी बोलत नव्हतं आणि मी गप्प जेवले.

टीम मोठी झाली. फारच मोठी. हैदराबादवाल्यांनी बोंड काढून स्वतःचं नाव टाकलं. जंगू टीव्हीवर दिसला, विमानाच्या शिडीवर, बाहीने नाक पुसताना. आणि आमच्या हॉटेलात अजून सांगतात, "त्या जंगूले आमच्या दौलतनं मागं टाकलं होतं. आमी डोळ्यानं पाह्यलं." फीतही जपून ठेवली आहे, गल्ल्यावर बांधून. दादाला तिथे चहा फुकट. तो जात नाही.

गेल्या आठवड्यात शाळेची बस चुकली म्हणून दादा मला दुधाच्या सायकलवर बोथला सोडत होता. फाट्याच्या अलीकडे मागून तो आवाज आला, टोळधाडीचा. टीम सरावाला निघाली होती, हैदराबादवाल्यांच्या निळ्या जर्सीत. जंगू आमच्या बरोबरीला आला.

"दौलत, घुस मागं," तो म्हणाला.

दादाने पायडल मारलं. कॅन वाजायला लागले. मी कॅरियर घट्ट धरला. आम्ही घोळक्याच्या शेपटीला लागलो, खरंच लागलो, आणि मला कळलं की आत वारा नसतो, माझे केसही हलत नव्हते. मग चढ आला. आमच्या पुढच्या सायकलचं चाक एक हात लांब गेलं, मग दोन हात.

"मी उतरते, दादा. तू जाय."

"बस."

"माझं ओझं होऊन राह्यलं. उतरव मले."

"तू उतरून काय होईल, चंद्री," तो धापा टाकत म्हणाला. "बस. शाळेले उशीर होईल."

निळी पाठ चढावर एवढीशी झाली. दादा पायडल मारत राहिला. मला वारा लागत नव्हता.