टोकनबाईचा दुसरा आवाज

"मी वाट पाहत नव्हते असं म्हणाले, तर तुला खरं वाटेल?"

हा प्रश्न रजईच्या आतून आला आणि चहाचा कप घेऊन दारात आलेला नवरा जागच्या जागी थबकला. भर दुपारी, पंखा बंद, खिडक्या लावलेल्या, आणि पलंगाच्या मधोमध रजईचा हा एवढा ढीग.

"कुणाला विचारतेस गं?"

ढीग हलला. आतून घामाने डबडबलेली, केस कपाळाला चिकटलेली बायको बाहेर आली. हातात मोबाइल होता.

"दवाखान्याचं रेकॉर्डिंग आहे. नवीन मशीन येतंय. आवाज आधीच भरून ठेवायचाय."

"आणि मशीन पेशंटला हे असलं विचारणार?"

"सरावाला काहीतरी बोलावं लागतंच ना! चहा ठेवा तिथे आणि दार ओढून घ्या."

"बरं बाई. पण इतक्या लाडीगोडीनं बोलावलंस, तर बरे झालेलेसुद्धा परत येऊन रांगेत बसतील," असे म्हणत नवरा गेला. निवृत्त झाल्यापासून त्याला बायकोच्या खोड्या काढण्यापलीकडे फारसे काम उरले नव्हते. खोटे त्याला पचले की त्याने पचल्यासारखे दाखवले, हे मात्र तिला कधीच कळले नाही. ती पुन्हा रजईत शिरली. बाहेरचा आवाज आत येऊ नये आणि आतला बाहेर जाऊ नये, यासाठी घरात याहून चांगली जागा नव्हती.

डोळ्यांच्या रुग्णालयात तिला सगळे टोकनबाई म्हणत. नाव कागदावर होते, पण पगाराच्या दिवसाखेरीज ते कुणी उच्चारत नसे. दिवसभर काउंटरवर बसून ती नंबर पुकारायची. "टोकन क्रमांक बावीस, खोली क्रमांक चार." भोंगे तीन ठिकाणी होते, एक बसायच्या हॉलमध्ये, एक जिन्यापाशी आणि एक बाहेर पोर्चमध्ये, गाडीत बसून वाट पाहणाऱ्यांसाठी. तिन्हींतूनही तिचा आवाज असा निघायचा, की नव्या माणसाला वाटावे आत कुणी कॉलेजातली पोरगी बसली आहे. मग तो काउंटरशी यायचा आणि चष्म्याची दोरी गळ्यात अडकवलेली, गुडघा चोळत बसलेली बाई बघून हिरमुसायचा. वय तिच्या गुडघ्यांत शिरले होते, केसांत शिरले होते. आवाजाकडे ते फिरकलेच नव्हते.

रजईतल्या या दुसऱ्या उद्योगाला कारण झाली लेक. लेक नोकरीसाठी दूर गेली, तेव्हा जुना लॅपटॉप घरीच ठेवून गेली. टोकनबाईने तो पुसता पुसता उघडला, तर आत एक गोष्ट अर्धवट वाचून ठेवलेली. गोष्ट म्हणजे पुस्तक नव्हे. पडद्यावर रंगीत चित्र, मागे संगीत, खाली एकेक वाक्य. आणि मधूनच गोष्ट थांबून तुम्हालाच विचारते, आता काय करायचे? दोन-तीन पर्याय. जो निवडाल त्या वाटेने गोष्ट पुढे जाते आणि शेवटही तसाच होतो. व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात म्हणे. टोकनबाई "बघू तरी" म्हणून बसली आणि त्या दिवशी घरातले दूध उतू गेलेले तिला तासाभराने समजले. गोष्ट एका वाटेवर अडली, म्हणून तिने इंटरनेटवर शोधले आणि तिथे तिला ती मंडळी सापडली. अशा गोष्टींना चित्रकादंबऱ्या म्हणणारी, त्या आपल्या भाषेत आणणारी, कोणत्या वळणावर काय निवडले म्हणजे कोणता शेवट मिळतो यावर हातघाईवर येणारी, आणि शेवट फोडणाऱ्याला सळो की पळो करून सोडणारी.

आत शिरताना नाव विचारले, तिने "चिऊ" लिहिले. "कोणत्या वर्षाला आहेस?" असे कुणीतरी विचारले. आता काय लिहायचे? गॅसवर कुकर होता, घाई होती, लाजही वाटली. तिने लिहून टाकले, "शेवटच्या." एवढे एकच खोटे. पण ते इतके सोयीचे निघाले, की तिने ते परत कधी काढले नाही.

मंडळाचा म्होरक्या हेडमास्तर या नावाने वावरायचा. आणि तिथेच होती ढापणी. हे नाव तिचे तिनेच घेतले होते, कारण चष्मा जाड. तिच्या नजरेच्या मधोमध डाग वाढत चालला होता. एक दिवस तिने लिहिले, "मंडळी, मला आता अक्षरं लागत नाहीत. फोन वाचून दाखवतो, पण तो मेला तुम्हा सगळ्यांना एकाच आवाजात बोलायला लावतो. चित्रकादंबरी तर त्याला वाचताच येत नाही. तुम्ही वाचा, मी नुसती बसेन."

तिला नुसती बसू द्यायची नाही, असे हेडमास्तरने ठरवले. अख्खी गोष्ट बोलून काढायची. डोंगरावरच्या हवामान केंद्राची गोष्ट होती. तिथे एक मुलगी रोज रेडिओवरून वारा-पावसाचा अंदाज सांगते, आणि खालच्या गावातला एक तरुण रोज तिला तोच प्रश्न विचारतो. "आज वारा कुठून आहे?" तिचे उत्तरही ठरलेले. "पश्चिमेकडून. येताना शाल घेऊन ये." तरुणाचा आवाज हेडमास्तरचा. मुलीचा चिऊचा.

तेव्हापासून ढापणीचे आणि तिचे सूत जमले. दोघी एकमेकींना बोलून निरोप पाठवायच्या. "चिऊ, तू शाल म्हणतेस ना, तेव्हा मला खरंच ऊब येते गं," ढापणी म्हणायची. कधी म्हणायची, "डोळ्यांचं काय होईल ते होवो, तू बोलत राहा म्हणजे झालं." एकदा ती एका वळणावर अडली होती. चिऊने तिला तीन पर्याय वाचून दाखवले, त्यांतला तिसरा "गप्प राहा." चिऊने तिला बजावले होते, "त्याच्यावर चुकूनसुद्धा बोट ठेवू नकोस हां. या सगळ्या गोष्टींत बघ, गप्प राहिलं की हमखास वाईट शेवट होतो." मंडळातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारले असते, तरी त्याने हेच सांगितले असते.

एका सोमवारी हॉल खचाखच भरला होता. काउंटरवर टोकनबाईच्या शेजारी कॅशियर बसायचा. तोंडाचा फटकळ, मनाने वाईट नव्हे. तो पैसे मोजता मोजता आपल्या भाच्याचे प्रताप ऐकवत होता.

"तिशी उलटली, लग्नाचं बघ म्हणतो आम्ही, आणि हा कॉम्प्युटरवर कार्टूनमधल्या पोरीशी गुलुगुलु बोलतोय! काय तर म्हणे, ती कादंबरी आहे. त्यांचं मंडळसुद्धा आहे बरं का टोकनबाई! सगळी अर्धवट माणसं एका ठिकाणी."

सफाईवाली हसली, नर्स हसली. टोकनबाईही हसली. नुसती हसली असती तर एक वेळ चालले असते, ती म्हणाली, "कामधंदा नाही हो लोकांना." आणि माइक ओढून तिने पुढचे नंबर पुकारले.

थोड्या वेळाने एक मुलगी वडिलांचा दंड धरून काउंटरपाशी आली. जाड चष्मा होता, पण नजर समोरच्याच्या कानाच्या बाजूला कुठेतरी लागलेली. "आता नंबर पुकारले त्या कुठे बसतात?" तिने विचारले.

"ह्या काय, समोरच," कॅशियर म्हणाला. "बोला."

मुलीचा चेहरा उजळला. तिने काउंटरच्या कडेवर दोन्ही हात ठेवले आणि ती पुढे झुकली. "चिऊ? अगं मी ढापणी!"

टोकनबाईने तोंड उघडले. ओठांवर शब्द आला होता. तेवढ्यात कॅशियरने विचारले, "कोण चिऊ?" आणि सफाईवालीने झाडू थांबवला. टोकनबाईने तोंड मिटले आणि नकारार्थी मान हलवली. जिला दिसत नव्हते, तिच्यापुढे.

"नाही म्हणतायत त्या," कॅशियरने सांगितले. "बाळा, ह्या आमच्या टोकनबाई. नातवंडं खेळवायचं वय त्यांचं. चिऊ कसल्या होतायत!"

"माफ करा हां," वडील संकोचून म्हणाले. "आवाजावरून वाटलं तिला. चल गं."

"मग त्या स्वतः का बोलत नाहीत?" मुलगी म्हणाली.

"सकाळपासून बोलून बोलून घसा बसला असेल त्यांचा." कॅशियरने आपला विनोद केला, आणि टोकनबाईने तो दोन्ही हातांनी झेलला. गळ्यावर हात ठेवून ती खोकली. चांगला दोनदा खोकली. असे लपायला आडोसा लागत नाही, अंधार लागत नाही. तोंड मिटून ठेवले की भागते. ते तिला त्या क्षणी समजले आणि तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

वडील ओढत होते, पण मुलगी हलली नाही. तिने आवाज खाली आणला आणि अगदी हळू विचारले, "आज वारा कुठून आहे?"

टोकनबाईच्या हाताशी माइक होता, पण बटण दाबायचीही गरज नव्हती. नुसते ओठ हलवले असते तरी पुरले असते. ती गप्प राहिली.

"काय बोलतेस गं हे?" वडील म्हणाले. मुलगी हसली. कुणाच्या तरी घरात चुकून शिरल्यावर हसतात तसे हसली आणि वळली.

त्यांचा नंबर आला तेव्हा टोकनबाईने माइक कॅशियरकडे सरकवला आणि गळ्याकडे बोट दाखवले. ती माणसे जिना उतरून जाईपर्यंत त्यानेच नंबर पुकारले, तिची नक्कल करत, आवाज बारीक काढून. हॉल हसला. तिला हसावे लागले नाही. घसा बसला होता ना तिचा.

संध्याकाळी मंडळात सगळ्यांनी ढापणीला विचारले, डॉक्टर काय म्हणाले? "आहे ते वाढत जाणार म्हणाले. कागदपत्रं पुढच्या सोमवारी मिळतील," एवढेच तिने कळवले. चिऊचा विषयही काढला नाही. टोकनबाई स्वयंपाकघरात फोन पुढ्यात ठेवून बसून राहिली. मला वाटलं तूच आहेस, कशी फसले बघ, असे काहीतरी ती बोलेल. मग आपणही हसून घेऊ. पण निरोप आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही.

सुट्टीच्या दिवशी तिने रजईत शिरून गोष्टीचा शेवटचा प्रसंग बोलून काढला. मग थांबली आणि आपल्या नेहमीच्या, नवऱ्याशी बोलायच्या आवाजात म्हणाली, "ढापणी, ती मीच होते. मला लाज वाटली गं. तुझी नाही, माझीच." ते तिने ऐकले. फार केविलवाणे वाटले. तिने ते पुसले आणि नुसता प्रसंग पाठवून दिला.

मंडळात वाहवा झाली. हेडमास्तरने लिहिले, चिऊ, तू रडवलंस. सगळ्यांत शेवटी ढापणीचे उत्तर आले.

"ऐकलं. छान झालंय. धन्यवाद, काकू."

मंडळातल्या पोरांना ती गंमत वाटली. काकू काय, आजी म्हणा, असे म्हणून त्यांनी चिऊला भंडावून सोडले. टोकनबाईने फोन ओट्यावर पालथा घातला.

"रडतेस का गं?" नवऱ्याने दारातून विचारले.

"कांदा आहे."

ओट्यावर कांदा नव्हता. नवऱ्याने ते पाहिले, पण या वेळी खोडी काढली नाही.

पुढच्या सोमवारी ती इस्त्रीची साडी नेसून कामावर गेली. ठरवून गेली होती. ढापणी काउंटरशी आली की उठायचे, बाहेर जायचे, हात धरायचा आणि म्हणायचे, मीच. कॅशियरला काय हसायचे ते हसू दे. सकाळभर तिने प्रत्येक नंबर पुकारताना दाराकडे पाहिले.

दुपार होत आली तेव्हा वडील एकटेच आले. त्यांनी काउंटरशी सही केली आणि कागदांचा लिफाफा घेतला.

"मुलगी नाही आली?" टोकनबाईने विचारले. वडील तिच्या आवाजाने चपापले. तिच्याकडे नीट पाहत राहिले.

"बाहेर गाडीत बसलीय," ते म्हणाले. "आत जाऊ या म्हटलं, तर नको म्हणाली." आणखी काही बोलावे की नाही असे त्यांना झाले असावे. मग ते मान हलवून निघाले.

काचेच्या दारातून पोर्च दिसत होता. गाडी भोंग्याच्या जवळच उभी होती. मागची काच खाली केलेली होती आणि आत कुणीतरी टेकून बसलेले होते. वडील पायऱ्या उतरत होते. धावत जायला टोकनबाईचे गुडघे तिला नेणार नव्हते.

तिने माइक ओढला.

"पश्चिमेकडून," ती म्हणाली. हॉलमध्ये, जिन्यापाशी, पोर्चमध्ये तिचा तो दुसरा आवाज एकदम उमटला. "आज वारा पश्चिमेकडून आहे. येताना शाल घेऊन ये."

हॉलमधल्या साऱ्या माना वर झाल्या. डोळ्यांवर पट्टी असलेले एक आजोबा शेजारच्याला विचारू लागले, कुठला नंबर म्हणाल्या? कॅशियरचा नोटांवरचा हात थांबला होता.

"टोकनबाई, अहो, हे काय?"

"मीच चिऊ," ती म्हणाली. माइक चालूच होता.

कुणी हसले नाही. हसले असते तर बरे वाटले असते तिला. बाहेर वडील भोंग्याखाली क्षणभर उभे राहिले, वर पाहिले, आणि गाडीत बसले. मागची काच हळूहळू वर गेली. गाडी निघाली.

टोकनबाईने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, समोरची चिठ्ठी उचलली आणि पुढचा नंबर पुकारला.